९ मिलिमीटरचा पडदा: एकाच्या मते सेप्टेट, दुसऱ्याच्या मते नॉर्मल

शिरोलंब:

नमस्कार. मी नववी-दहावीला गणित भाग २ शिकवते, म्हणजे भूमिती. वय ३१. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, त्यानंतर दिवस राहिलेले नाहीत. आमच्या डॉक्टरांनी आधी एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून काढायचा एक्स-रे) करायला लावली, मग थ्रीडी सोनोग्राफी.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात गर्भाशयाच्या वरच्या भिंतीतून एक टोक आत उतरलेलं आहे असं लिहिलंय. खोली ९ मिमी, भिंतीची जाडी १२ मिमी, कोन ११२ अंश, आणि खाली निष्कर्ष: पार्शियल सेप्टेट (आत अर्धवट पडदा असलेलं गर्भाशय), यू२ए. डॉक्टर म्हणाल्या की दुर्बिणीतून पडदा कापता येतो, पोटावर टाका नाही, संध्याकाळी घरी. घरात सगळे तयार. सासूबाई म्हणतात, नको असलेली भिंत आहे तर पाडून टाका, विचार कसला करायचा.

मी दुसऱ्या गावात दुसऱ्या सोनोलॉजिस्टकडे जाऊन परत तपासून घेतलं. आकडे जवळपास तेच आले. निष्कर्ष मात्र: आर्क्युएट (वरून किंचित कमानीसारखं आत आलेलं), नॉर्मल व्हेरियंट, काही करण्याची गरज नाही.

माझी अडचण लक्षात घ्या. मोजमाप चुकलं असतं तर मी समजू शकले असते. इथे मोजमापावर दोघांचं एकमत आहे आणि आकृतीच्या नावावर नाही. वर्गात दोन मुलांनी एकाच त्रिकोणाचे तेच कोन मोजले आणि एकाने त्याला काटकोन म्हटलं, दुसऱ्याने विशालकोन, तर मी दोघांनाही फळ्यापाशी बोलावलं असतं. इथे कुणाला बोलावू?

भावनिक धीर नको आहे, तो घरी भरपूर मिळतोय. ही रेषा कुठे आखली आहे आणि कुणी, एवढं कुणी सांगेल का?

कोकणकन्या:

ताई, माझ्या सख्ख्या बहिणीचं हेच ऑपरेशन झालं. आधी लागोपाठ गर्भपात, ऑपरेशननंतर पहिल्याच वेळी मुलगा, आता पहिलीत आहे. फार खोलात जाऊ नका, करून टाका. वय वाढतंय हे पण बघा.

जुना_सोनोवाला:

कोकणकन्या, बहिणीचा मुलगा शतायुषी होवो, पण तिचा पडदा किती मिलिमीटरचा होता हे कळल्याशिवाय तो दाखला इथे लागू होत नाही. विचारून इथे लिहा, खरंच उपयोग होईल.

शिरोलंब, मी कोल्हापूर जिल्ह्यात आयुष्यभर सोनोग्राफी केली, आता निवृत्त आहे. तुम्हाला पेशंट म्हणून पाहिलेलं नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. रेषा कुणी आखली हे मात्र सांगू शकतो. रेषा एक नाही, किमान तीन आहेत.

आधी मूळ. गर्भात मुलीचं गर्भाशय दोन नळ्यांपासून बनतं. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३० मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या म्युलेरियन नळ्या. त्या मध्यरेषेवर येऊन जुळतात, तेव्हा दोघींच्या भिंती एकमेकींना चिकटून मधे एक पडदा तयार होतो. मग तो पडदा विरघळतो, पेशी ठरवून मरतात, आणि साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत एकसंध पोकळी उरते. जुळणंच अर्धवट राहिलं तर गर्भाशय बाहेरूनही दुभंगलेलं दिसतं, ते बायकॉर्न्युएट. जुळलं पण पडदा विरघळला नाही, तर बाहेरून गोल आणि आतून विभागलेलं, ते सेप्टेट. हा फरक जिवावरचा आहे, कारण बायकॉर्न्युएटला पडदा समजून आतून कात्री चालवली तर ती थेट पोटात निघते. एचएसजीमध्ये फक्त आतल्या पोकळीची सावली दिसते, बाहेरचा आकार दिसतच नाही. आमच्या काळी दोन शिंगांमधला कोन ७५ अंशांपेक्षा कमी असेल तर सेप्टेट, १०५ पेक्षा जास्त असेल तर बायकॉर्न्युएट असा ठोकताळा होता. मधे जे पडतील त्यांची लॅप्रोस्कोपी. थ्रीडी आल्यावर समोरून काप घेऊन आतलं-बाहेरचं एकाच चित्रात दिसू लागलं आणि ती कटकट मिटली.

तिथून नवी कटकट सुरू झाली. विरघळणं ही प्रक्रिया आहे, ती कुठेही थांबू शकते. पूर्ण पडदा, अर्धा, पाव, नुसता उंचवटा, यांत निसर्गाने कुठेही पायरी ठेवलेली नाही. मग पायरी माणसांनी बांधली.

युरोपच्या दोन संस्थांनी मिळून २०१३ मध्ये ठरवलं: आत उतरलेला भाग भिंतीच्या जाडीच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सेप्टेट. तुमचे ९ भागिले १२ म्हणजे ७५ टक्के. झालात सेप्टेट. यू२ए हा त्यांचाच कोड.

अमेरिकन संस्थेने २०१६ मध्ये ठरवलं: खोली १५ मिमीच्या पुढे आणि कोन ९० अंशांच्या आत असेल तर सेप्टेट. खोली १० मिमीपर्यंत आणि कोन ९० च्या वर असेल तर नॉर्मल किंवा आर्क्युएट. तुमचे ९ आणि ११२ म्हणजे नॉर्मल. १० ते १५ च्या मधे कोण, याला तेव्हा उत्तर नव्हतं; २०२१ मध्ये त्यांनी खोलीची अट १० वर आणून ती फट बुजवली, कोन ९०च ठेवला.

तिसरी व्याख्या २०१८ ची. त्यात १०० स्त्रियांच्या थ्रीडी प्रतिमा १५ तज्ज्ञांना दाखवल्या: पाच क्लिनिकल डॉक्टर, पाच सर्जन, पाच सोनोलॉजिस्ट. बहुमत ज्याला सेप्टेट म्हणेल ते सेप्टेट, आणि मग त्या बहुमताशी जुळणारा आकडा शोधला. तो निघाला १० मिमी. तुम्ही इथेही एका मिलिमीटरने सुटता.

म्हणजे तुमचे दोघे सोनोलॉजिस्ट बरोबर आहेत. एकाने युरोपची पट्टी वापरली, दुसऱ्याने अमेरिकेची, आणि दोघांनीही पट्टीचं नाव रिपोर्टात ठळक लिहिलं नाही. याचा मला राग येतो. पोलंडच्या एका अभ्यासात त्याच स्त्रियांना युरोपची पट्टी आणि अमेरिकेची २०१६ च्या आधीची पट्टी लावून पाहिली, तर युरोपच्या पट्टीने जवळपास पावणेतीन पट जास्त सेप्टेट निघाल्या. ऑपरेशनची टेबलं त्याच हिशोबाने भरतात.

शिरोलंब:

सर, हेच हवं होतं. रात्री पेपर तपासायचे सोडून हे करत बसले.

दोन्ही बीजवाहक नलिकांची गर्भाशयात उघडणारी तोंडं अ आणि ब, उतरलेलं टोक क. गर्भाशय सरळ रेषांचं नसतं हे मान्य, पण तूर्त त्रिकोण अबक समद्विभुज धरू. क मधून अब वर काढलेला शिरोलंब ९ मिमी (माझं इथलं नाव आता सार्थ झालं), शिरोकोन ११२. अर्धा कोन ५६, त्याचा टॅन साधारण १.४८. म्हणून अर्धा पाया १३.३ आणि पूर्ण पाया जवळपास २७ मिमी.

आता गंमत बघा. शिरोकोन ९० व्हायचा तर शिरोलंब अर्ध्या पायाइतकाच हवा, म्हणजे १३.३. माझ्या रुंदीच्या गर्भाशयाला अमेरिकेची १० मिमीची अट असून नसल्यासारखी आहे, कारण कोन ९० च्या आत यायलाच तेराच्या पुढे जावं लागतं. पाया २० मिमी असेल तरच दोन्ही अटी एकाच जागी भेटतात. पाया ३६ असलेल्या बाईला १७ मिमीचा पडदा असला तरी कोन ९३ येतो, म्हणजे ती नॉर्मलही नाही आणि सेप्टेटही नाही!

थोडक्यात, कोनाची अट गर्भाशयाच्या रुंदीबरोबर ताणते, खोलीची अट ताणत नाही, आणि युरोपची अट भिंतीच्या जाडीवर लटकलेली आहे. भिंत १२ ची असेल तर ६ मिमीला सेप्टेट, भिंत ८ ची असेल तर ४ मिमीलाच. पडदा तोच, भिंत पातळ म्हणून नाव बदललं. बाळाला जागा किती उरते हा मूळ प्रश्न असेल, तर त्यात वरच्या भिंतीच्या जाडीचा काय संबंध?

चुकलं असेल तर सांगा. दहावीची त्रिकोणमिती आहे, त्यापुढे मी गेले नाही.

जुना_सोनोवाला:

बरोबर आहे. एक भर घालतो. टोक क हे खऱ्या चित्रात बिंदू नसतं, गोलसर असतं. कोनाच्या भुजा टोकाला चिकटवून काढल्या तर एक कोन येतो, लांब नेऊन नलिकांच्या तोंडाशी टेकवल्या तर दुसरा. तेच चित्र, दोन तंत्रज्ञ, दहा-पंधरा अंशांचा फरक मी स्वतः पाहिला आहे. खोलीचं मोजमाप त्या मानाने सरळ. म्हणून मला स्वतःला कोनावर फार विसंबायला आवडत नाही.

युरोपच्या अटीवर तुम्ही घेतलेला आक्षेप पुष्कळांनी घेतलेला आहे. त्यांचं म्हणणं, गर्भाशय लहान-मोठं असतं तर मिमीचा एकच आकडा सगळ्यांना का लावायचा, म्हणून गुणोत्तर. तर्क चांगला, भाजक चुकीचा निवडला, असं माझं मत.

टाका_घालणारी:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, हिस्टरोस्कोपी करते, पडदे कापते. सर्जनची बाजूही यावी म्हणून लिहितेय.

पूर्वी हेच ऑपरेशन पोट उघडून, गर्भाशय चिरून व्हायचं, आणि पुढची प्रसूती बहुधा सिझेरियन. आता योनिमार्गे दुर्बीण जाते, सलाइनने पोकळी फुगवायची, कात्रीने किंवा बायपोलर करंटने मध्यरेषेवर कापत जायचं. दोन्ही नलिकांची तोंडं एकाच नजरेत, एका रेषेत दिसू लागली की थांबायचं. सोपं आहे म्हणूनच ते जास्त होतं, हे मी मान्य करते. धोके कमी आहेत पण आहेत: भिंतीला भोक पडणं, आत चिकटे होणं, आणि क्वचित पुढच्या गरोदरपणात तिथूनच गर्भाशय फाटणं.

पुराव्याचं सांगते. वर्षानुवर्षं आम्ही ज्या आकड्यांवर ऑपरेशन करत होतो ते "ऑपरेशनआधी आणि नंतर" असे होते. त्याच बाईचे आधीचे गर्भपात मोजायचे, नंतरची बाळं मोजायची. यात एक खोट आहे. ज्यांचे आधी गर्भपात झाले त्यांनाच निवडलं, तर पुढच्या वेळी काहीही न करता आकडे सुधारणारच. चिठ्ठी टाकून दोन गट करून तुलना २०२१ मध्ये छापून आली, नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने काही देशांत मिळून. पडदा कापलेल्या ३९ पैकी १२ जणींना बाळ झालं, ३१ टक्के. न कापलेल्या ४० पैकी १४ जणींना, ३५ टक्के. कापलेल्यांत एकीच्या गर्भाशयाला भोक पडलं. फायदा दिसला नाही.

पण शिरोलंबताई, तुम्ही गणिताच्या आहात म्हणून हेही बघा: ८० जणी गोळा करायला २०१० ते २०१८ एवढा काळ लागला. इतक्या लहान संख्येत मध्यम आकाराचा फायदा असला तरी निसटू शकतो. आणि वेगवेगळ्या खोलीचे पडदे एकाच टोपलीत होते. त्यामुळे गर्भाशयाच्या तोंडापर्यंत आलेला पडदा आणि तीन गर्भपात असलेली बाई समोर आली, तर मी आजही तिच्याशी ऑपरेशनबद्दल बोलते, हा अभ्यास तिच्यासमोर ठेवून. जुना_सोनोवाला यांच्या सुरातून सगळीच ऑपरेशनं उगाच होतात असं वाटू शकतं, ते तसं नाही.

९ मिमीबद्दल मात्र माझा वाद नाही, आणि कारण भूमितीचं नाही, आमच्याच टेबलावरचं आहे. पडदा कापल्यावर थोडा उरतोच. सगळा साफ करायला गेलं तर भिंत पातळ होते. किती उरलेला चालतो? इटलीतल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये हेच पाहिलं: ऑपरेशननंतर अर्धा ते एक सेंटिमीटर उरलेल्या स्त्रिया आणि जवळपास काहीच न उरलेल्या स्त्रिया, यांच्या पुढच्या गरोदरपणांत फरक आढळला नाही. तेव्हापासून एक सेंटिमीटरच्या आत उरला तर आम्ही ऑपरेशन यशस्वी झालं म्हणतो आणि परत आत जात नाही. तुमचा पडदा ९ मिमीचा आहे. म्हणजे मी ऑपरेशन करून जिथे थांबले असते, तिथे तुम्ही आधीच आहात.

आणखी एक. एक गर्भपात, नवव्या आठवड्यात. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या गडबडीमुळे होतात, त्यांना गर्भाशयाच्या आकाराचं काही देणंघेणं नसतं. त्या वेळी तपासायला काही पाठवलं होतं का? नसेल तर आता तो प्रश्न सुटणार नाही, पण पडद्यावर सगळं खापर फोडायचं कारणही उरत नाही. दिवस न राहण्याचा शोध वेगळा: यजमानांची वीर्यतपासणी झाली का? पोस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

मंजिरी_आम्स्टेलवेन:

इकडे हॉलंडमध्ये माझा पडदा १४ मिमी निघाला होता. डॉक्टरने कागदावर चित्र काढलं, वरचीच चिठ्ठीवाली ट्रायल सांगितली, आणि म्हणाली, थांबू या. मी चिडले होते. आई पुण्याहून रोज फोनवर, "तिथे डॉक्टर काही करतच नाहीत का?" थांबलो. मुलगी झाली, पायाळू होती म्हणून सिझेरियन. पडदा अजून आहे. हा एकटीचा अनुभव, पुरावा म्हणून धरू नका. घरच्यांना उत्तर देताना कामाला येईल म्हणून लिहिलं.

कोकणकन्या:

बहिणीला विचारलं. फाइल काढून बघितली तिने. अडीच सेंटिमीटर, आणि तीन गर्भपात. शिरोलंबताई, माझा "करून टाका" मागे.

शिरोलंब:

कोकणकन्या, विचारल्याबद्दल खरंच आभार. तुमच्या बहिणीच्या जागी मीही केलं असतं.

टाका_घालणारी, वीर्यतपासणी झालेली नाही. मुद्दा काढला की विषय बदलतो. माझ्या तीन तपासण्या झाल्या, यातली एक चांगलीच दुखणारी, आणि त्यांची एकही नाही, हे तुम्ही लिहिल्यावर लख्ख दिसलं. तुमचा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवला. सोमवारी जाणार आहेत.

ऑपरेशनची तारीख तूर्त घेत नाही. आमच्या डॉक्टरांकडे जाऊन तीन गोष्टी विचारणार आहे: कोणती व्याख्या धरली, एक सेंटिमीटरच्या आतलं का कापायचं, आणि न कापता पुढचे सहा महिने कसे घालवायचे. त्या चांगल्या आहेत, ऐकून घेतील असं वाटतं. सोनोवाला सर, रिपोर्टाबरोबर मूळ चित्रं मागू का?

जुना_सोनोवाला:

जरूर मागा. छापील फोटो नको, थ्रीडीचा पूर्ण व्हॉल्यूम (ज्यातून हवा तो काप परत काढता येतो ती मूळ फाइल) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागा. नुसत्या फोटोत काप कुठल्या पातळीत घेतला ते कळत नाही, आणि दोन्ही नलिकांची तोंडं एकाच कापात नसतील तर ९ चा आकडाच लटका. गर्भाशय पुढे वाकलेलं असतं, त्यामुळे चांगला तंत्रज्ञ वक्र काप घेतो.

परत सोनोग्राफी करायची वेळ आलीच तर पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. तेव्हा आतलं अस्तर जाड आणि पांढरं दिसतं, कडा स्वच्छ उमटतात. पाळी संपल्या संपल्या गेलात तर अस्तर इतकं पातळ असतं की टोक कुठे संपतं यावर मशीनसमोरच वाद होतो. पहिल्या दोन्ही वेळा कितव्या दिवशी गेला होतात?

शिरोलंब:

पहिली आठव्या, दुसरी विसाव्या. दोन्हीत ९.

जुना_सोनोवाला:

मग आकडा पक्का धरा.